चार आठवड्यांची मुदत

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींच्या कपाळावर आठ्या उमटल्या असतील. शासकीय साहाय्य घेणाऱ्या माणसाने परदेशप्रवास करावा की नाही, केला तर किती दिवसांचा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? असे नियम कचेरीतल्या फलकावर असावेत, व्यासपीठावर नव्हेत, असे मलाही काही वर्षांपूर्वी वाटले असते. परंतु ज्यांची मुले, भावंडे किंवा आप्त परदेशी आहेत त्यांनी हात वर करावेत असे मी आता म्हटले, तर या सभागृहातील निम्मे हात सहज वर होतील. म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे. तो माझ्या घरापर्यंत कसा आला, हे सांगूनच सुरुवात करतो.

आमच्या शेजारी नाना म्हणून एक वयोवृद्ध गृहस्थ राहत असत. त्यांची थोरली बहीण लग्न होऊन इंग्लंडला गेली ती लेस्टर शहरात. आम्ही सारे त्यांना आक्का म्हणतो. लेस्टर हे होजिअरीच्या कारखान्यांचे गाव. आक्कांचे यजमान अशाच एका कारखान्यात कामाला होते. आक्कांनीही मधूनमधून शिवणकाम केले. पण घर आणि मुले सांभाळताना सलग नोकरी झाली नाही. यजमान गेल्यावर हाती आले ते तुटपुंजे निवृत्तिवेतन. त्यात भर घालून किमान जगण्यापुरते उत्पन्न व्हावे म्हणून ब्रिटिश सरकार 'पेन्शन क्रेडिट' नावाचे साहाय्य देते. आक्कांचा चरितार्थ त्यावर चालतो.

काही वर्षांपूर्वी नाना अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी आशा सोडल्याचे कळताच आक्का धावत आल्या. त्यांचे परतीचे तिकीट मात्र सत्तावीस दिवसांनंतरचे होते. दिवस दिवाळीचे होते. पंचविसाव्या दिवशी नानांची प्रकृती अधिकच ढासळली आणि आम्ही सर्वांनी आक्कांना थांबण्याचा आग्रह धरला. "पाच-सहा दिवसांवर भाऊबीज आली आहे, तेवढी तरी करून जा," असे घरचे म्हणाले. "तिकडे कुणाला कळणार आहे?" असे एक भाचा म्हणाला. आणि कबूल करतो, त्या भाच्याच्या सुरात मीही सूर मिसळला. आक्का शांतपणे म्हणाल्या, "अरे, कळायचा प्रश्न नाही. मी सही केली आहे."

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी नानांना ओवाळले. तिथी भाऊबीजेची नव्हती. वसुबारसेला त्या विमानात बसल्या आणि त्यानंतर अकराव्या दिवशी नाना गेले. पुन्हा तिकीट काढण्याची ऐपत आक्कांकडे नव्हती.

मला त्या वेळी त्या सरकारचा संताप आला. मरणाच्या दारातल्या भावाजवळून बहिणीला उठवून नेणारा हा कसला कायदा? पत्रकाराच्या सवयीने मी तो कायदा शोधून वाचू लागलो. वाचल्यावर संताप पूर्णपणे गेला नाही, पण त्याची जागा बदलली. ती कशी बदलली, तेच आज सांगायचे आहे.

घामाचा पैसा आणि आधाराचा पैसा

ब्रिटनमधील सामाजिक सुरक्षेची आजची इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आखली गेली. सर विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल १९४२ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९४६ चा राष्ट्रीय विमा कायदा आणि १९४८ चा राष्ट्रीय साहाय्य कायदा आला. हे दोन स्वतंत्र कायदे होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पहिल्यामागचा विचार असा की, नोकरी करीत असताना प्रत्येकाने वर्गणी भरावी आणि वृद्धापकाळी त्या बळावर निवृत्तिवेतन घ्यावे. दुसऱ्यामागचा विचार असा की, वर्गणी पुरेशी भरता आली नाही म्हणून कोणी उपाशी राहू नये; आपल्यात राहणाऱ्या गरजूचा भार समाजाने उचलावा.

पहिला पैसा घामाचा आहे, दुसरा आधाराचा. परदेशप्रवासाचे सारे नियम या एका भेदातून निघतात. घामाचा पैसा माणसामागे जगभर जातो. आधाराचा पैसा त्या भूमीवर राहण्याशी बांधलेला असतो.

ही बांधणीही आजची नाही. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची जबाबदारी प्रत्येक धर्मग्रामावर, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीवर टाकली. १६६२ च्या कायद्याने कोणता गरीब कोणत्या धर्मग्रामाचा, हे ठरविण्याची पद्धत आणली आणि बाहेरून आलेल्या निर्धनाला त्याच्या मूळ वस्तीत परत पाठविण्याचा अधिकारही दिला. ज्या वस्तीचा माणूस, त्या वस्तीने पोसावा, ही कल्पना तिथे चारशे वर्षे जुनी आहे.

आपल्याकडेही हे तत्त्व अपरिचित नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य लागते. उलट, नोकरीतून मिळविलेले निवृत्तिवेतन घेणारा आपला निवृत्त अधिकारी मुलाकडे अमेरिकेत वर्षभर राहिला, तरी त्याचे वेतन थांबत नाही. त्याला दर वर्षी हयातीचा दाखला तेवढा द्यावा लागतो; २०१४ पासून 'जीवन प्रमाण'मुळे तोही संगणकीय पद्धतीने देता येतो. निवृत्तिवेतन देणारा विचारतो, "आपण हयात आहात ना?" आधार देणारा विचारतो, "आपण इथेच आहात ना?" दोन्ही प्रश्न आपापल्या जागी रास्त आहेत.

नियम काय सांगतात?

आता नियमांकडे वळू. पेन्शन क्रेडिट घेणाऱ्या व्यक्तीला पूर्वी देशाबाहेर तेरा आठवडे राहता येत असे. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या सरकारने ही मुदत कमी करण्याचे जाहीर केले आणि २८ जुलै २०१६ पासून ती चार आठवड्यांवर आली. घरभाड्यासाठी मिळणाऱ्या साहाय्यालाही, म्हणजे हाउसिंग बेनिफिटलाही, परदेशप्रवासात हीच मुदत लागू झाली. काम करण्याच्या वयातील लोकांना मिळणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिटला एक महिन्याची मुदत आहे. ज्याने काम शोधण्याचे बंधन स्वीकारले आहे, त्याला प्रवासातही ते पाळावे लागते. दिव्यांगांना मिळणाऱ्या 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट'ची मुदत तेरा आठवडे आहे, कारण दिव्यांगत्वाचा वाढीव खर्च माणसाबरोबर सगळीकडे जातो.

येथे एक मेख आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पेन्शन क्रेडिटच्या चार आठवड्यांचा अर्थ, 'कितीही दिवस जा, पहिले चार आठवडे पैसे मिळतील' असा नाही. निघतानाच चार आठवड्यांहून अधिक राहण्याचा बेत असेल, तर साहाय्य निघाल्या दिवसापासून थांबते. परतल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो. सहा आठवड्यांचे तिकीट काढणाऱ्याला वाटते, दोन आठवड्यांचेच पैसे जातील. प्रत्यक्षात सहाही आठवड्यांचे जातात आणि घरभाड्याचे साहाय्यही त्याच नियमात अडकते.

नियमाला अपवाद आहेत. जवळच्या नातलगाचा मृत्यू झाला आणि त्यामुळे चार आठवड्यांत परतणे अवघड असेल, तर मुदत आठ आठवड्यांपर्यंत वाढू शकते. भाऊ आणि बहीण जवळच्या नातलगांत मोडतात. स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलाच्या वैद्यकीय उपचारासाठी परदेशी राहावे लागले, तर सव्वीस आठवड्यांपर्यंत सवलत आहे.

हे वाचताना माझ्यासमोर आक्कांचा चेहरा उभा राहिला. नाना त्या चार आठवड्यांत गेले असते, तर आक्कांना आणखी महिनाभर थांबता आले असते. नाना जिवंत होते, म्हणून त्यांना जावे लागले. या कायद्याला भावाचे मरण कळते. पण मरणासन्न भावाच्या उशाशी बसलेली बहीण कळत नाही. पतीची शुश्रूषा कळते, भावाची कळत नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले, एवढीच त्या नियमाची कल्पना आहे. आपल्याकडे बहिणीचे माहेर म्हणजे भाऊ. ही आपली कल्पना त्या नियमाच्या चौकटीत कुठेच बसत नाही.

आता माझा संताप कुठे सरकला, ते सांगतो. चार आठवड्यांची मर्यादा असणे मला अन्यायाचे वाटत नाही. आधाराचा पैसा हा तिथल्या कष्टकऱ्याच्या करातून येतो. तो देणाऱ्याने 'तुम्ही इथे आहात का' असे विचारले, तर त्यात अपमान कसला? अन्याय आहे तो अपवादांच्या तोकडेपणात. लंडनहून पॅरिसला जाणाऱ्याला आणि लेस्टरहून पुण्याला येणाऱ्याला एकच गज लावला आहे. आयुष्यात एकदा येणारी निरोपाची वेळ आणि उन्हाळ्याची सहल यांतही नियम फरक करीत नाही. ही उणीव त्या देशातील आपल्या बांधवांनी लोकप्रतिनिधींपुढे मांडायला हवी. 'सही केली आहे' म्हणणाऱ्या आक्कांसारख्यांच्या बाजूने बोलणाऱ्याचे म्हणणे ऐकले जाते. 'कुणाला कळणार आहे' म्हणणाऱ्याने आपल्याच बाजूचा युक्तिवाद गमावलेला असतो.

गोठलेले निवृत्तिवेतन

घामाचा पैसा जगभर मागे येतो, असे मी म्हणालो. पण त्यातही एक मोठी गोम आहे. उतारवयात मायदेशी परतण्याचा विचार करणाऱ्यांनी ती अवश्य समजून घ्यावी.

ब्रिटनचे शासकीय निवृत्तिवेतन भारतात मिळते, मात्र त्याची वार्षिक वाढ भारतात मिळत नाही. परतताना जी रक्कम असेल, तीच आयुष्यभर राहते. जे २००० साली ६७ पौंड ५० पेन्स या पूर्ण मूळ दराने निवृत्त होऊन भारतात आले, त्यांना आजही आठवड्याला तेवढेच मिळतात. तोच माणूस ब्रिटनमध्ये राहिला असता, तर २०२५-२६ मध्ये त्याचा मूळ दर १७६ पौंड ४५ पेन्स झाला असता. वर्गणी तीच, कष्ट तेच. फरक फक्त पत्त्याचा. अमेरिका, इस्रायल, फिलिपिन्स या देशांत राहणाऱ्यांना वाढ मिळते, कारण त्यांच्याशी ब्रिटनचे परस्पर करार आहेत. भारताप्रमाणेच कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील निवृत्तही या वाढीपासून वंचित आहेत.

दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या ॲनेट कार्सन यांनी याविरुद्ध दीर्घ न्यायालयीन लढा दिला. २००५ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आणि २०१० साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयात त्या हरल्या. ही वाढ ब्रिटनमधील राहणीमानाच्या खर्चाशी निगडित आहे, असा युक्तिवाद तिथे मान्य झाला. न्यायालयाने निकाल दिला. पण जो पैसा घामाचा म्हणून दिला जातो, त्याला आधाराच्या पैशासारखी भूमीची अट लावणे मला आजही पटत नाही. तत्त्व दोन्ही बाजूंनी पाळले पाहिजे. आधार घेणाऱ्याने जर 'मी इथेच आहे' हे प्रामाणिकपणे सिद्ध करायचे, तर सरकारनेही वर्गणीदाराला 'तू कुठे आहेस' म्हणून कमी देऊ नये.

म्हणून कायमचे परतू इच्छिणाऱ्यांना तीन गोष्टी आधीच ठाऊक हव्यात. निवृत्तिवेतन मिळेल, पण गोठेल. पेन्शन क्रेडिट पूर्णपणे बंद होईल. आणि तिथली मोफत आरोग्यसेवा वास्तव्यावर अवलंबून असल्याने तिचाही हक्क उरणार नाही.

लपविण्याची किंमत

आता त्या भाच्याच्या प्रश्नाकडे येतो, "कुणाला कळणार आहे?"

पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. सीमेवरच्या नोंदी आता संगणकात असतात आणि त्या साहाय्याच्या नोंदींशी ताडून पाहिल्या जातात. माहिती दडविल्याचे उघड झाले तर जादा घेतलेली रक्कम परत करावी लागते. फसवणुकीचा प्रकार असेल, तर खटल्याऐवजी त्या रकमेच्या निम्म्याइतका दंड भरण्याचा प्रस्ताव दिला जाऊ शकतो. हा दंड किमान ३५० पौंडांचा असतो. गंभीर प्रकरणात थेट खटला भरला जातो.

यंत्राच्या नोंदी नेहमी बरोबर असतात, असेही समजू नका. २०२५ साली ब्रिटनच्या महसूल विभागाने प्रवासाच्या नोंदींवर विसंबून सुमारे २३,५०० कुटुंबांचे बालक-भत्ते थांबविले. त्यांतील कितीतरी कुटुंबे केवळ सहलीला जाऊन परत आलेली होती. त्यांच्या परतीची नोंदच यंत्रात नव्हती. विभागाला चूक कबूल करावी लागली. तात्पर्य, प्रामाणिक माणसानेही पुरावा जपला पाहिजे. पारपत्रावरचे शिक्के, विमानाचे बोर्डिंग पास, तिकिटाची प्रत हे सारे वर्षभर तरी एका पाकिटात ठेवावे.

दुसरे उत्तर व्यवहारापलीकडचे आहे. परदेशातला प्रत्येक भारतीय एकट्यापुरता नसतो. त्याने खोटे सांगितले, तर त्याच्यानंतर त्याच खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या पुढच्या भारतीयाकडे संशयाने पाहिले जाते. दोन पिढ्यांनी कष्टाने मिळविलेली पत एका सहीने जाऊ शकते. आक्का शाळेत फार शिकल्या नाहीत. पण हे त्यांना नेमके कळले होते.

अमेरिकेतील आप्तांसाठीही एक सूचना आहे. तिथे अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना आणि दिव्यांगांना 'सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम' मिळते. सलग तीस दिवस देशाबाहेर राहिल्यास ते थांबते आणि पुन्हा सुरू होण्यासाठी परत येऊन सलग तीस दिवस तिथे राहावे लागते. देश निराळा असला तरी मूळ तत्त्व तेच आहे.

आपण काय करायचे?

शेवटी, येथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे कर्तव्य. नियम त्यांच्यावर आहे. पण तो मोडण्याचा आग्रह बहुधा आपण करतो. लग्न असो, मुंज असो, आजारपण असो, "आलीच आहेस तर राहा आणखी पंधरा दिवस," हे आपले प्रेमाचे वाक्य. पुढच्या वेळी ते उच्चारण्यापूर्वी एक प्रश्न विचारा, "तुझी मुदत किती तारखेपर्यंत आहे?" त्यात परकेपणा नाही, काळजी आहे.

तिकीट काढण्यापूर्वी आप्ताला सांगा की, आपल्याला मिळणारा पैसा घामाचा की आधाराचा, हे आधी पाहून घे. संबंधित कार्यालयाला जाण्याची आणि परतण्याची तारीख लेखी कळव आणि त्याची पोच ठेव. दरम्यान कोणाचा मृत्यू झाला किंवा स्वतः आजारी पडलास, तर परतण्याची वाट न पाहता येथूनच कळव. मृत्यूचा दाखला, रुग्णालयाची कागदपत्रे जपून ने. ज्या कुटुंबांत दोन-तीन भावंडे परदेशी आहेत, त्यांनी रुग्णाजवळ पाळीपाळीने यावे, म्हणजे कोणाची मुदत मोडणार नाही आणि उशाशी सतत कोणीतरी राहील. आपल्या कार्यकर्त्यांनी अशा घरांत जाऊन कागद वाचून दाखविण्याचे, पत्र लिहून देण्याचे काम केले, तर ती मोठी सेवा ठरेल.

आणि जे एकटे आहेत, ज्यांचे तिकीट एकदाच निघू शकते, त्यांच्यासाठी कुटुंबाने वर्गणी काढावी. आक्कांच्या वेळी आम्हाला हे सुचले नाही. आम्ही त्यांना नियम मोडायला सांगितले. दुसऱ्या तिकिटाचे पैसे काढून दिले नाहीत. त्या परतल्यानंतर अकरा दिवसांनी पुन्हा येऊ शकल्या असत्या, कारण पेन्शन क्रेडिटची मुदत प्रत्येक प्रवासाला स्वतंत्र असते. हे मला नंतर वाचताना समजले. नियमाने जेवढे अडविले होते, त्याहून अधिक आमच्या अज्ञानाने अडविले. तो भार माझ्या मनावर आजही आहे आणि आपल्यापैकी कोणाच्या मनावर तो येऊ नये, यासाठीच हा रूक्ष विषय आपल्यापुढे मांडला.